क्विल्टीचा डावा डोळा

डोंगरावरून पाऊस उतरला तो सकाळी अकराला, आणि होबार्टच्या मैदानावर ताडपत्र्या पसरल्या गेल्या. खेळाडूंची चंगळ झाली. ते पत्ते काढून बसले. घाम निघाला तो समालोचकांचा. खेळ थांबला म्हणून वाहिनी थांबत नाही, लोकांच्या दिवाणखान्यात काहीतरी वाजत राहावं लागतं. अशा दिवशी सगळ्यांच्या नजरा मरे स्टॅनर्डकडे वळायच्या आणि मरेला ते मनापासून आवडायचं.

देशाचा माजी कप्तान. वय त्रेसष्ट, केस अजून दाट, आवाज असा की साधा चौकार सांगितला तरी ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या घरातलंच काही बरं झालं. बावीस वर्षं तो माइकसमोर होता. सुरुवातीला मात्र त्याची अगदीच फजिती झाली होती. कप्तान म्हणून मैदानावर गुरगुरणारा हा माणूस माइक दिसला की अडखळायचा, आणि दोन चेंडूंच्या मध्ये काय बोलायचं हेच त्याला सुचत नसे. वाहिनीवाले त्याला नारळ द्यायच्या विचारात होते. मग अशाच एका पावसाच्या दुपारी, बोलायला काहीच उरलं नाही म्हणून, त्याने पर्थची गोष्ट सांगितली. तिथून त्याचं नशीब फिरलं.

ती गोष्ट आता या देशात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पर्थचा कसोटी सामना, तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ, खेळ संपायला वीस मिनिटं. दुसरी विकेट पडते. चौथ्या क्रमांकावर कप्तान मरे, पॅड बांधून तयार. समोर पाहुण्यांचा साडेसहा फुटी गोलंदाज, खेळपट्टी दगडासारखी टणक, उजेड उतरलेला. अशा वेळी चांगला फलंदाज वाया जाऊ नये म्हणून तळाच्या एखाद्या गोलंदाजाला पुढे करतात, नाइट वॉचमन म्हणून. पण मरेला ते मंजूर नाही. मरे उठतो. तेवढ्यात डेस क्विल्टी, टास्मानियाचा लाकडाचे ट्रक हाकणारा धिप्पाड गोलंदाज, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवतो. दुपारी चेंडू अडवताना डेस सीमारेषेवर तोंडावर पडलेला असतो आणि रेषेचा चुना त्याच्या डाव्या डोळ्यात गेलेला असतो. तरी चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो म्हणतो, "बस तू, कॅप्टन. मला दोन चेंडू दिसतायत. त्यातला एक तरी लागेल बॅटला."

इथे मरे थांबायचा. लोक हसायचे. मग आवाज खाली आणून तो पुढचं सांगायचा. पाचवा चेंडू उसळला तो थेट त्याच डोळ्यावर. हेल्मेटला पुढे जाळी लावायची तेव्हा सगळ्यांना सवय नव्हती. उजेड उतरला म्हणून पंचांनी तिथेच खेळ थांबवला. डेसचा डोळा गेला, क्रिकेटही गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मरेने, खेळपट्टीवरचा रक्ताचा डाग पायाखाली ठेवून, एकशे त्रेचाळीस धावा काढल्या आणि सामना जिंकला.

या गोष्टीने डेसला अमर करून टाकलं होतं. दगडी तोंडाचा विनोदवीर! मरेने त्याच्या तोंडी हळूहळू आणखी डझनभर वाक्यं घातली. कुठलाही तळाचा पोरगा संध्याकाळी पॅड बांधून उतरला की मरे माइकवर म्हणायचा, "हा बघा क्विल्टी निघाला!" आणि सगळ्यांना कळायचं.

गोष्टीत खोट एवढीच की डेसने मरेच्या खांद्यावर हात ठेवलाच नव्हता.

"मरे, आज तुझ्यासाठी गंमत आहे," निर्माता डेमियन आत येत म्हणाला. पावसात तास भरून काढायची जबाबदारी त्याची. "डेस क्विल्टीला बोलावलंय. ह्यूऑनच्या खोऱ्यातून बसने आलाय म्हातारा. पायऱ्यांखाली उभा आहे, वर यायला लाजतोय. जा, तूच घेऊन ये."

मरेने हातातला कप खाली ठेवला. बत्तीस वर्षांत तो डेसला दोनदा भेटला होता, त्यातलं एकदा इस्पितळात. नाताळची कार्डं पहिली चार-पाच वर्षं पाठवली, तीही बायकोने सही करून. "वा!" तो म्हणाला. "कुणाला सुचलं हे?"

"त्याने स्वतःच फोन केला होता रे गेल्या आठवड्यात. मला वाटलं थापा मारतोय कोणी."

डेस खाली कठड्याशी उभा होता. तपकिरी कोट, जुन्या क्लबचा टाय, खांदे अजून रुंद. डाव्या बाजूला काचेचा डोळा, तो भलतीकडेच बघत होता.

"कॅप्टन," तो म्हणाला.

"डेस! लेका, किती वर्षांनी!"

"बत्तीस. तू कशाला मोजशील."

मरे हसला. त्याने मिठी मारायला हात पसरले आणि डेस जागचा हलला नाही म्हणून ते खाली घेतले. "चल वर. चहा घे. खोबऱ्यात लोळवलेले ते लॅमिंग्टन केक आहेत, पूर्वी एका दमात सहा खायचास."

"खाणंपिणं राहू दे. माझं एक काम आहे. नाहीतर मी कशाला येतो इथे झक मारायला."

"बोल की."

"बायकोची, मॉरीनची, फुप्फुसं गेली. नाकात नळी लावून टीव्हीसमोर बसलेली असते दिवसभर. डॉक्टर म्हणतात, ईस्टर बघेल न बघेल."

"अरेरे. डेस, मला खरंच..."

"अरेरे नको. ऐक. तिला अजून वाटतं, मी त्या दिवशी आपणहून गेलो. डोळ्यात चुना, समोर तो राक्षस, घरात दोन पोरं, आणि हे ध्यान कप्तानासाठी मरायला निघालं! डोळा गेला तसं ट्रकचं लायसन्स गेलं. मी सफरचंदं निवडायला बसलो शेडमध्ये, बायकांच्या रांगेत. तिने वृद्धाश्रमात रात्रपाळ्या केल्या, वीस वर्षं. आणि दर भांडणात तेच. तुला कुणी सांगितलं होतं मर्दुमकी गाजवायला? कप्तानापुढे शेपूट हलवायला गेलास, आणि आम्हाला खड्ड्यात घातलंस."

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"आधी नाही सांगितलं. ड्रेसिंग रूममधलं बाहेर काढायचं नाही, हे तूच शिकवलंस ना सगळ्यांना? मूग गिळून बसलो. मग तू टीव्हीवर ती गोष्ट चालू केलीस, तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, एवढा मोठा माणूस सगळ्या देशासमोर खोटं बोलेल होय? त्याला काय पडलंय? खोटं तूच बोलतोयस, लाज वाटते म्हणून." डेसने एका डोळ्याने मरेकडे नीट पाहिलं. "तिचा तुझ्यावर विश्वास आहे, कॅप्टन. माझ्यावर नाही. आज ती बघतेय. मी जे घडलं ते सांगणार. तू फक्त हो म्हण. दुसरं काही नको."

मरेला ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवत होती. आधीच्या सामन्यात दोन्ही डावांत शून्य, या सामन्यात पहिल्या डावात दोन चेंडूंत बाद. वर्तमानपत्रं त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव छापून मोकळी झाली होती. दुसरी विकेट पडली तेव्हा त्याचे गुडघे असे लटपटत होते की पॅडच्या पट्ट्या वाजत होत्या. "डेस, पॅड बांध," तो म्हणाला होता. डेस म्हणाला होता, "मरे, डोळा पाण्यात बुडाल्यासारखा झालाय रे. दोन-दोन चेंडू दिसतात मला. दुसऱ्या कुणाला पाठव." मरे म्हणाला होता, "उजवा शाबूत आहे ना? जा." सगळ्या खोलीने ऐकलं होतं आणि सगळ्या खोलीने बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या होत्या. त्या एका रात्रीच्या सवलतीवर दुसऱ्या दिवसाची खेळी उभी राहिली, खेळीवर पुढची पाच वर्षं कप्तानी, आणि कप्तानीवर ही वरची खुर्ची.

"म्हणेन," मरे म्हणाला.

"नक्की?"

"म्हणेन म्हटलं ना, डेस."

त्या क्षणी तो खरंच म्हणणार होता. मरे दुष्ट नव्हता. भित्रा होता, आणि ते त्याने इतकी वर्षं इतकं छान झाकलं होतं की त्यालाच कधी कधी विसर पडायचा.

वर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत कर्स्टी लॉटन, महिला संघाची माजी यष्टिरक्षक, वयाने मरेच्या निम्मी आणि चेष्टेत त्याच्या दुप्पट. दिवे लागले. कानातल्या यंत्रात डेमियन म्हणाला, "चला, मजा आणा."

"मंडळी," कर्स्टी म्हणाली, "आज माझ्या शेजारी प्रत्यक्ष डेस क्विल्टी बसलेत! मरे, आता तुझं काही खरं नाही. इतकी वर्षं तू यांच्या जिवावर जेवलास. डेस, आज खरं खरं सांगून टाका. पर्थला काय झालं?"

"मी आपणहून गेलो नाही," डेस म्हणाला.

कर्स्टी फिसकन हसली. "म्हणजे?"

"याने पाठवलं. मी नको म्हणत होतो."

"अस्सं! कप्तानाने ढकललं तुम्हाला!"

"हो. डोळ्यात चुना होता. मी म्हटलं, मला दोन चेंडू दिसतायत."

एवढ्यावर सगळी खोली हशाने फुटली. कॅमेऱ्यामागचा माणूस खांदे उडवत हसत होता. ते वाक्य म्हणजे देशाचं लाडकं वाक्य, आणि ते खुद्द मालकाच्या तोंडून, तेही असं सरळ, मढ्यासारख्या चेहऱ्याने! आमच्याकडे माणूस जितका कोरड्या तोंडाने बोलेल तितकी ती चेष्टा भारी समजतात. इथे कुणी खरोखर चिडला तरी समोरचा आधी हसून बघतो आणि मग विचार करतो. आणि डेसच्या बाबतीत तर विचार करायची गरजच कुणाला वाटणार नव्हती, तेवढी तजवीज मरेने बावीस वर्षं करून ठेवली होती.

"मी म्हटलं, दुसऱ्याला पाठव," डेस पुढे बोलत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "हा म्हणाला, उजवा शाबूत आहे ना, जा."

"अगं आई गं!" कर्स्टीने डोळे पुसले. "डेस, तुम्ही हे न हसता कसं सांगता हो?"

"यात हसण्यासारखं काय आहे?"

यावर तर कर्स्टी टेबलावर आडवीच झाली. "सोनं आहे रे हे सोनं," डेमियन मरेच्या कानात ओरडत होता. "लोक वेडे झालेत. याला दर वर्षी आणायचा. मरे, तू घाल भर, तू घाल!"

"मी मस्करी करत नाहीये," डेस म्हणाला. आता तो कॅमेऱ्याकडे बघत होता. कुठल्या कॅमेऱ्याकडे बघायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो बंद असलेल्या कॅमेऱ्याकडेच बघत होता. "याला विचारा."

"मरे!" कर्स्टी वळली. "झाली ना पोलखोल? खरं आहे का हे?"

शब्द कसा बोलावा हे मरेइतकं त्या खोलीत कुणाला कळत नव्हतं. नव्या पोरांना तोच शिकवायचा: महत्त्वाचं असेल ते हळू बोला आणि बोलून झाल्यावर गप्प बसा. गप्प बसलात की लोक ऐकतात.

"हो," मरे हळू म्हणाला. आणि गप्प बसला.

एक सेकंद गेला. कर्स्टीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी अडकलं. कॅमेऱ्यामागचा माणूस मान बाहेर काढून बघू लागला. "मरे?" कानात डेमियन म्हणाला, वेगळ्याच आवाजात. "काय चाललंय?" डेसने श्वास रोखून धरला होता, मरेला ते कर्स्टीच्या पलीकडे दिसत होतं. आणखी एक सेकंद थांबला असता तर झालं होतं. पण त्या शांततेत मरेला पर्थच्या त्या खोलीचाच वास आला, घामाचा आणि चामड्याचा, आणि गुडघे टेबलाखाली तसेच लटपटू लागले.

"हो तर, अगदी खरं आहे!" तो मोठ्याने म्हणाला. "मी तर तेव्हा न्हाणीघरात दडून बसलो होतो. आईला हाका मारत होतो, आईला!"

खोली पुन्हा फुटली. सुटल्यासारखी फुटली. कर्स्टीने दोघांच्याही पाठी थोपटल्या आणि त्या काळची फीत दाखवायला सांगितली. फीत संपेपर्यंत डेसने कोटाला लावलेला छोटा माइक काढून टेबलावर ठेवला होता. कुणाशी काही न बोलता तो उठून बाहेर गेला.

मरे मागोमाग धावला. डेस खालच्या पायऱ्यांशी भिंतीकडे तोंड करून फोन कानाला लावून उभा होता. "हां... हां, बघितलंस ना?" तो म्हणत होता. "मग? काय म्हणालो मी?... मॉरीन, हसतेस काय?"

मरेला तिचं हसणं बाहेर ऐकू आलं. ते खोकल्यात जायचं आणि पुन्हा वर यायचं. त्याला काय झालं कोण जाणे, त्याने डेसच्या हातून फोन ओढूनच घेतला.

"मॉरीन, मरे बोलतोय. मरे स्टॅनर्ड."

"अगं बाई! तुम्ही स्वतः?" तिला दम पुरत नव्हता. "फार हसवलंत हो. किती महिन्यांत अशी हसले नव्हते."

"मॉरीन, मी गंमत करत नव्हतो. डेस खरं सांगत होता. तो नको म्हणत होता, मी पाठवलं त्याला. माझी पाळी होती. मी घाबरलो होतो, मॉरीन. मी घाबरलो म्हणून त्याचा डोळा गेला."

हे त्याने हळू सांगितलं आणि सांगून गप्प बसला. पलीकडे नळीतून हवा जायचा बारीक आवाज येत होता. मग ती पुन्हा फस्सकन हसली.

"पुरे करा हो, मेले मी! पोट दुखायला लागलं. तुम्ही दोघं म्हणजे अगदी..." खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. "बरं झालं तुम्ही फोनवर आलात. त्याला सांगा माझ्या वतीने. बत्तीस वर्षं झाली, अजून तुम्ही हाक मारली की पळत येतो शेपूट हलवत. बायको मरायला टेकलीय घरी, आणि हा आला तुमच्याबरोबर नकला करायला टीव्हीवर. तुमची चूक नाही हो. तो आहेच तसा. वेळेवर पाठवा त्याला."

मरेच्या हातातून डेसने फोन काढून घेतला. त्याने सगळं ऐकलं होतं. "नळी नीट लाव," तो फोनमध्ये म्हणाला. "सूप आहे कपाटात, शेजारच्या जोनला गरम करायला सांग. येतो मी पाचच्या बसने." आणि फोन खिशात टाकला.

"डेस," मरे म्हणाला, "मी उद्या पुन्हा सांगेन. कर्स्टीला आधी बाजूला घेऊन नीट समजावून..."

"नको."

"मी तिच्याकडे येतो. घरी येतो. समोर बसून सांगतो."

"समोर बसून सांगशील आणि ती चहा टाकून हसेल." डेसच्या आवाजात राग नव्हता, आणि मरेला तेच सोसवत नव्हतं. "मला इतकी वर्षं वाटायचं, तू बोलत नाहीस म्हणून ती मानत नाही. आता तू बोललास."

त्याने कोटाची कॉलर वर केली. पायऱ्या उतरताना तो डावीकडचा कठडा हाताने चाचपत होता, कारण ती बाजू त्याला दिसत नव्हती. मग तो पावसात फाटकाकडे चालू लागला. फाटकावरच्या रखवालदाराने त्याला ओळखलं आणि "दोन चेंडू!" असं ओरडून दोन बोटं दाखवली. डेस थांबला नाही.

"मरे!" वरून डेमियन हाका मारत होता. "कुठे कडमडलास? हा पाऊस काही हटत नाही. अर्धा तास आहे तुझ्याकडे, आणखी एखादी जुनी काढ!"

मरेने तोंडावरून हात फिरवला आणि तो जिना चढू लागला. वर पोचेपर्यंत कुठली सांगायची ते त्याला सुचलंही होतं.